जुना नट टाकू नको

भाचेबुवा, दादाने पद्मिनीच्या चाव्या तुझ्या हातात दिल्या आणि तू संध्याकाळच्या आत तिचे फोटो गावभर पाठवलेस, हे कळलं. छान केलंस. आता आत्याचं ऐक. गाडी १९७४ची आहे. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात फियाट ११०० ला 'पद्मिनी' हे नाव मिळालं, त्याच सुमाराची. तुझ्यापेक्षा वयाने मोठी, तेव्हा दार आपटायचं नाही. सामान मिळत नाही, सामान मिळत नाही, असं सगळे म्हणतील. खरं सांगू? सामान मिळतं. आपल्याला नेमकं काय हवंय हे न मोजता माणूस बाजारात जातो आणि रिकाम्या हाताने परत येतो. कलघटगीत बसून ही गाडी चालती ठेवता येते. हुबळी तासाभरावर आहे, बेळगाव सकाळी जाऊन संध्याकाळी परत येण्यासारखं, आणि मुंबईचं पार्सल एका रात्रीत हुबळीला उतरतं. एकेक सांगते, घाई करू नकोस.

१. गाडीतून निघालेला कुठलाही भाग, नवा बसून नीट चालला हे कळेपर्यंत फेकायचा नाही – दुकानदाराला नाव सांगून जे कळत नाही ते हातातला तुकडा दाखवून कळतं, आणि लेथवाल्याला तर तोच नकाशा.

२. काढलेला भाग डिझेलने धू, पूस, जाड पिशवीत घाल आणि आत चिठ्ठी टाक: कुठला, डावा की उजवा, कधी काढला – चार महिन्यांनी डावं-उजवं देवालाही आठवत नाही.

३. काहीही उघडण्याआधी मोबाइलवर तीन फोटो: लांबून, जवळून, आणि अर्धं उघडल्यावर – वॉशर स्प्रिंगच्या आत होता की बाहेर, यावर मिस्त्री आणि मालक यांची मैत्री तुटलेली मी पाहिली आहे.

४. पार्ट्स कॅटलॉगची झेरॉक्स करून घे, एक घरी आणि एक डिकीत – नुसतं 'स्टिअरिंगखालचं ते गोल' म्हटलं की मुंबईचा दुकानदार फोन ठेवतो, नंबर सांगितला की खुर्ची ओढून बसतो.

५. व्हर्नियर कॅलिपर विकत घे आणि वापरायला शीक – मोजून आणलेला पार्ट गाडीत बसतो, अंदाजाने आणलेला फळीवर बसतो.

६. बेअरिंग खराब झालं की 'फियाटचं बेअरिंग' मागू नकोस, त्याच्या कडेला कोरलेला आकडा वाच – बेअरिंगचे आकडे जगभर एकच असतात. ६२०४ म्हटलं की आतला व्यास २० मिलिमीटर, बाहेरचा ४७, जाडी १४. मग ते पंपाच्या दुकानात मिळो नाहीतर पिठाच्या गिरणीवाल्याकडे, तुझं काम झालं.

७. ऑइल सीलवर तीन आकडे असतात, आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी – हे तीन जुळले की सील कुठल्या गाडीचं म्हणून विकलं जातंय याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही. ट्रॅक्टरच्या दुकानातही विचार, आपल्याकडे ट्रॅक्टरची दुकानं काही कमी नाहीत.

८. फॅन बेल्टवरचा नंबर तो झिजण्याआधीच वहीत उतरवून ठेव – बेल्ट तुटला की नंबरही रस्त्यावरच राहतो.

९. शेजारच्या जीपवाल्याकडून नट-बोल्ट उसने घेऊ नकोस – फियाट मिलिमीटरची, जुनी जीप आणि अॅम्बॅसेडर इंचाची. दोन आटे बळेच घुसतात, तिसऱ्याला अडतात, आणि मग हेडमधले आटे नवे पाडून घ्यायची वेळ येते. पाने घेतानाही एमएमचाच संच घे.

१०. एक वही कर. तारीख, किलोमीटर, काय बदललं, कुठून आणलं, किती दिले – वही सांगेल की क्लच प्लेट दर वेळी लवकर का जाते. मिस्त्री सांगणार नाही, कारण दर वेळी मिस्त्री वेगळा.

आता बाजार. गाडी जिथे बनली आणि जिथे जास्त धावली तिथे तिचं सामान, एवढं ध्यानात ठेव. अॅम्बॅसेडर बंगालमध्ये उत्तरपाड्याला २०१४ पर्यंत बनली, तिच्यासाठी लोक कोलकात्याला मल्लिक बाजारात जातात. स्टँडर्ड हेरल्डवाले मद्रासकडे बघतात. आपली पद्मिनी मुंबईची. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेल्या कंपनीची, आणि पुढे कितीतरी वर्षं मुंबईची टॅक्सी म्हणजे हीच गाडी. काळी-पिवळी पद्मिनी मुंबईच्या रस्त्यावरून ऑक्टोबर २०२३ मध्ये कायमची उतरली. मला फार वाईट वाटलं. पण तुझ्या दृष्टीने त्यात एक गोष्ट आहे: इतकी वर्षं हजारो टॅक्सींना पुरलेलं सामान एका दिवसात नाहीसं होत नाही. ते गोदामात, माळ्यावर, गॅरेजच्या कोपऱ्यात पडून आहे. आज आहे. उद्या भंगारात वजनावर जाईल. म्हणून जे लागणारच आहे ते आता घे.

११. मुंबईत आधी ऑपेरा हाऊसच्या बाजूची स्पेअर पार्टची दुकानं, मग कुर्ल्याचा सीएसटी रोड, शेवटी चोर बाजार – पहिल्या ठिकाणी नवं आणि बिलासकट, दुसऱ्या ठिकाणी उतरवलेलं पण गाडीचं, तिसऱ्या ठिकाणी नशिबाचं. हा क्रम उलटा केलास तर संध्याकाळी तुझ्याकडे पितळेचा भोंगा असेल आणि वॉटर पंप नसेल.

१२. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी जा, सकाळी लवकर – दाराची हँडलं, आरसे, घड्याळं, काचेच्या लाइटी असं बाहेरचं सामान तिथे सापडतं. इंजिनाचं म्हणशील तर तिथे शोधू नकोस.

१३. बेंगळुरूला गेलास तर जेसी रोड आणि शिवाजीनगरचा गुजरी बाजार पाहून ये – दक्षिणेतल्या फियाटांचं सामान शेवटी तिथे जमतं, आणि आपल्याला कन्नड येतं हा आपला फायदा. भाव कन्नडात कर, मुंबईत मराठीत कर. इंग्रजीत विचारलं की भाव वाढतो.

१४. खरेदीची यादी तीन रकान्यांत कर: गाडी थांबवणारं, गाडी पळवणारं, गाडी सजवणारं – आणि पैसे त्याच क्रमाने खर्च. ब्रेकचे किट नसताना क्रोमचा बंपर आणणाऱ्याला मी घरात घेणार नाही.

१५. धातूचं जुनं सामान डोळे झाकून नको, पण विश्वासाने घे. रबराचं जुनं कधीही घेऊ नकोस, खोकं सीलबंद असलं तरी – पिस्टन, गिअर, हँडल तीस वर्षं खोक्यात झोपून उठतात. ब्रेकचा वॉशर, होस, डायफ्राम झोपेतच कडक होतात आणि पहिल्या घाटात चिरतात.

१६. ब्रेकचा मास्टर सिलिंडर मिळाला नाही तर जुनाच स्लीव्ह करून घे – आतून बोअर करून पितळेची किंवा स्टेनलेसची नळी बसवतात आणि ताजे वॉशर घालतात. नीट केलेलं असेल तर हे काम नव्यापेक्षा जास्त टिकतं.

१७. बीडिंग आणायला जाताना जुन्या बीडिंगचा चार बोटं तुकडा कापून खिशात ठेव – काचेचा गाळा किती, पत्र्याचा किती, ओठ कुठल्या बाजूला, हे कापलेल्या तोंडावर स्पष्ट दिसतं. तोंडी वर्णन केलंस तर खिडकीचं सांगून फ्रीजचं घेऊन येशील. मीटरवर घे, आणि लागतं त्यापेक्षा हातभर जास्त.

१८. पुढची काच फुटायच्या आधीच एक जादा घेऊन ठेव, भिंतीला उभी टेकवून, खाली गोणपाट घालून – आडवी ठेवलेली काच आपल्याच वजनाने तडकते, आणि वाकदार काच आपल्या गावात कुणी घडवून देत नाही.

१९. रेडिएटर बदलायची घाई नको – जुना तांब्या-पितळेचा आहे, डाग लावून, कोअर बदलून तो पुन्हा उभा राहतो. असा रेडिएटर भंगारवाल्याला देऊन टाकणारे पुष्कळ. तू देऊ नकोस.

२०. इंजिन बोअर करायचं झालं तर आधी पिस्टन हातात घे, मग बोअर कर – 'वीस ओव्हरसाइज' बोअर केलं आणि बाजारात फक्त 'चाळीस'चे पिस्टन उरलेत असं झालं, की पहिल्या बोअरिंगची मजुरी फुकट गेली.

२१. इंजिन ब्लॉक जुना घेतलास तर बिलाशिवाय घेऊ नकोस, आणि बसवल्यावर नवा नंबर आरसी बुकात चढवून घे – ब्लॉकवर नंबर असतो आणि नंबरामागे कुणाची तरी गाडी असते.

२२. फोनवरून अनोळखी माणसाला सगळे पैसे आगाऊ पाठवू नकोस. हव्या असलेल्या पार्टशेजारी आजचं वर्तमानपत्र ठेवून फोटो मागव – ज्याच्याकडे खरंच वस्तू आहे तो पाच मिनिटांत पाठवतो.

२३. ओतीव भाग कुठेच मिळेना तर बेळगावच्या उद्यमबागेत किंवा कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात जा – पंप आणि मशिनांचे सुटे भाग ओतणारी ती गावं, एक नग करून देणारा कुणीतरी भेटतो.

या तेविसाव्याबद्दल थोडं जास्त सांगते, कारण इथे आपलं गाव कामाला येतं. ओतकामाला लाकडाचा नमुना लागतो, त्याला पॅटर्न म्हणतात. कलघटगीचे पाळणे तू लहानपणापासून बघतोयस. लाकूड फिरवून गोल करणारे, रंग चढवणारे हात इथे आहेत. नमुना करायला जुना भाग घेऊन त्यांच्याकडे बस. मात्र एक सांगायला विसरू नकोस: नमुना जुन्या भागाएवढाच करून चालत नाही. धातू निवताना आकसतो, बीड शंभराला एक एवढं आणि अॅल्युमिनियम त्याहून थोडं जास्त. शिवाय जिथे मशिनवर घासायचं आहे तिथे वर दोन-तीन मिलिमीटर जाडी जास्त सोडावी लागते. किती सोडायची हे ओतणाऱ्याला आधी विचार, मग सुताराकडे जा. आणि नमुना परत माग. तो आपला. आता गाडी चालवण्याचं.

२४. आठवड्यातून एकदा गाडी काढ, निदान यल्लापूरच्या रस्त्याला तंबूरच्या फाट्यापर्यंत जाऊन ये – उभी गाडी उंदराची, चालती गाडी धन्याची. कोल्हापूरच्या छत्रपतींची मेबॅक मोटार दरसाल दसऱ्याला चौकात येते ती उगाच नाही. गाडी चालती राहायला तिला बाहेर पडायचं निमित्त हवं.

२५. नुसतं अंगणात चालू करून पाच मिनिटांनी बंद करू नकोस – इंजिन तापतच नाही, सायलेन्सरमध्ये पाणी साचतं आणि तो आतून कुजतो. काढलीस तर वीसेक मिनिटं चालव.

२६. सुरू करण्याआधी डिपस्टिक काढ, पूस, पुन्हा घाल, बघ, आणि वास घे – वास घ्यायचा हे कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगते.

तो वास कशासाठी, ते असं. आपल्या गाडीला पेट्रोल ओढणारा पंप इंजिनाच्या कडेला, यांत्रिक. त्याच्या आत तळहातापेक्षा लहान असा रबरी-कापडी पडदा वर-खाली हलतो. जुन्या रबराला हल्लीचं पेट्रोल मानवत नाही. २०२५ पासून पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येतं, आणि १९७४ साली पडदा करणाऱ्यांनी याचा विचार केलेला नव्हता. पडदा आधी फुगतो, मग मऊ पडतो, मग त्याला केसाएवढी चीर जाते. गाडी थांबत नाही, म्हणून तुला कळत नाही. पेट्रोल त्या चिरेतून खाली इंजिन ऑइलमध्ये उतरत राहतं. ऑइलची पातळी न भरता वाढलेली दिसली, किंवा डिपस्टिकला पेट्रोलचा वास आला, तर त्या दिवशी गाडी जागची हलवायची नाही. पंप उघड, पडदा बदल, ऑइल सगळं काढून टाक. पातळ झालेलं ऑइल बेअरिंगला धरून राहत नाही आणि दोनशे रुपयांच्या पडद्यापायी क्रँक जातो.

२७. पडदा, पेट्रोलचे होस आणि कार्बोरेटरचे वॉशर इथेनॉल सोसणाऱ्या रबराचेच घे, आणि दरसाल बोटाने दाबून बघ – चिकट लागला किंवा तडे दिसले की बदल. पेट्रोल गळलं तर खाली एक्झॉस्ट आहे.

२८. महिनाभर गाडी निघणार नसेल तर कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल संपवून ठेव – इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि पाणी वाटीच्या तळाशी बसून पांढरा गंज चढवतं.

२९. पुढच्या सीटखाली एक किलोचा पावडरचा अग्निशामक आणि बॅटरीला कट-ऑफ स्विच, हे पहिल्या महिन्यातच – बाकी सगळं नंतर.

३०. फ्यूज उडाला म्हणून सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळायची नाही – फ्यूज उडतो तेव्हा तो वायरिंगच्या वतीने उडतो.

३१. सीबी पॉइंटचा आणि प्लगचा गॅप फिलर गेजने बघ, पोस्टकार्डाने नाही – आणि काढलेल्या प्लगचं तोंड वाच: फिकट तपकिरी म्हणजे समाधान, काळं काजळ म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरं म्हणजे कमी. प्लग खोटं बोलत नाही.

३२. डिकीत जादा सीबी पॉइंट, कंडेन्सर, प्लग, फॅन बेल्ट, रोटर आणि दोन फ्यूज, जुन्या बिस्किटाच्या डब्यात – रस्त्यात थांबलेल्या दहा गाड्यांतल्या बऱ्याचशा या डब्यावर घरी येतात.

३३. इंजिनाला साधं खनिज ऑइल, २०-५० जाडीचं – आजच्या गाड्यांचं पातळ सिंथेटिक या इंजिनाच्या जुन्या सीलमधून अंगणात येतं.

३४. गिअरबॉक्सला जीएल-४ सांगून घे, जीएल-५ नको – त्यातली रसायनं आतल्या पितळी रिंगांना खातात. आणि पहिला गिअर गाडी पूर्ण थांबल्यावरच टाक, त्याला सिंक्रो नाही. करकर आवाज आला तर तो तुझा दोष, तिचा नाही.

३५. ग्रीसचे निपल मोजून ठेव आणि एकही सोडू नकोस, विशेषतः पुढच्या किंगपिनचे – पाच मिनिटांचं ग्रीस वाचवणाऱ्याला पुढे दोन दिवसांचं किंगपिनचं काम करावं लागतं.

३६. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी पूर्ण बदल, स्वच्छ दिसलं तरी – ते हवेतलं पाणी पितं. घाटात ब्रेक तापले की त्या पाण्याची वाफ होते आणि पेडल तळाला जातं.

३७. अंकोल्याला जाताना अरबैल घाट ज्या गिअरमध्ये चढशील त्याच गिअरमध्ये उतर – चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. तापले की ते ऐकत नाहीत, आणि पुढचा ट्रकवाला तुझी गाडी जुनी आहे म्हणून थांबणार नाही.

३८. उन्हाळ्यात चढावर गाडी घुटमळली तर घाबरू नकोस, पेट्रोल पंपावर ओला फडका ठेव आणि दहा मिनिटं सावलीत थांब – नळीत पेट्रोलची वाफ अडकलेली असते. फडका आणि पाण्याची बाटली डब्याशेजारीच.

३९. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. कुणीही कितीही म्हणो – याचं कारण सांगत नाही, हात बघून कळेल असे लोक गावात आहेत.

४०. टायर ५.२०-१४ मापाचे, आणि घेताना कडेचे चार आकडे वाच: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष – ३२२४ म्हणजे २०२४चा बत्तिसावा आठवडा. हे माप फार खपत नाही, म्हणून दुकानात जुना माल पडून असतो. नक्षी नवी असली तरी रबर म्हातारं होतं.

पाऊस. आपण मलनाडच्या उंबरठ्यावर राहतो. जूनमध्ये सुरू झाला की ऑक्टोबरपर्यंत भिंतीला ओल. इंजिनाने गाड्या बंद पडतात, पण संपतात त्या पत्र्याने. इंजिनाला सामान मिळेल, कुजलेल्या पत्र्याला मिळत नाही. म्हणून हे पुढचे पाच दर पावसाळ्याआधी वाच.

४१. दारांच्या खालच्या कडेला पाणी जायची भोकं असतात, ती तारेने मोकळी कर – काचेवरून उतरलेलं पाणी दाराच्या आत जातंच. भोक बुजलं की दार आतून कुजतं आणि तू बाहेरून पॉलिश करत बसतोस.

४२. पायाखालच्या मॅट उचलून खालचा पत्रा हाताने चाचप, पावसात दर आठवड्याला – ओल डोळ्याला दिसत नाही, तळव्याला लागते.

४३. प्लास्टिकच्या ताडपत्रीचं आवरण घालू नकोस, सुती घाल आणि वर छप्पर असू दे – प्लास्टिकखाली गाडीला घाम येतो.

४४. टिंकरने पुटी भरून गुळगुळीत केलेला पत्रा लोहचुंबकाने तपास, रुमालात गुंडाळून – चुंबक जिथे धरत नाही तिथे वर जाड पुटी आहे, खाली पत्रा असेलच असं नाही. गंज कापून नवा पत्रा जोडायला सांग, वर लेप लावू देऊ नकोस.

४५. गाडी खालून वर्षातून एकदा धुऊन, वाळवून, गंजरोधक मारून घे, आणि वायरिंगच्या वाटांवर उंदरांसाठी जाळी लाव – कलघटगीचे उंदीर भाताच्या पोत्यावर वाढलेले, तुझं वायरिंग त्यांना चटणी.

कागदाचं आता. कंटाळा करू नकोस, यातच गाड्या अडकतात.

४६. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेल्या मूळ रूपातल्या गाडीला २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार 'व्हिंटेज' नोंद मिळते. नवी नोंद २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, नूतनीकरण ५,००० – ऐकायला झोकदार आहे. पण अशी गाडी प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. माझं मत विचारशील तर आपली पद्मिनी साधीच राहू दे. ती बाजारहाटाची गाडी, तिला हुबळीला भाजीला जाता आलं पाहिजे.

४७. साधी ठेवायची तर दर पाच वर्षांनी तपासणी आणि नूतनीकरण, तारीख वहीच्या पहिल्या पानावर – २०२२च्या एप्रिलपासून जुन्या मोटारीची ही फी ५,००० झाली, २०२५ मध्ये वीस वर्षांपुढच्या मोटारींना १०,०००. मुदत चुकवलीस की वर दंड.

४८. तपासणीला जाण्याआधी चेसीचा नंबर शोध, गंज ब्रशने काढ, वर पातळ कागद धरून पेन्सिल फिरव – छाप आरसी बुकाशी आकडा न् आकडा जुळला पाहिजे. तिथे उन्हात इन्स्पेक्टरसमोर गंज खरवडायची वेळ येऊ देऊ नकोस. छापाची एक प्रत घरी ठेव.

४९. कोल्हापुराकडून सामानासाठी म्हणून दुसरी पद्मिनी आणायचा मोह होईल. आणलीस तर तिकडच्या आरटीओची एनओसी आधी, पैसे नंतर – महाराष्ट्राची गाडी कर्नाटकात चालवायची तर ती एनओसी, इथली नवी नोंद आणि इथला कर लागतो. नुसती तोडायची असेल तर नोंद रद्द झाल्याचा कागद घे.

५०. विमा घेताना गाडीची किंमत बोलून ठरव – पाच वर्षांपुढच्या गाडीची किंमत कंपनी आणि मालक मिळून ठरवतात. फोटो, बिलं आणि ती वही पुढे ठेवलीस तर तुझ्या बोलण्याला वजन येईल.

५१. मिस्त्री जपून ठेव. हुबळीत गोकुळ रोडकडे हाताखालून फियाट गेलेले म्हातारे अजून आहेत. सांगतील ती मजुरी दे आणि काम चालू असताना स्टूल घेऊन शेजारी बस – कॅटलॉगात नंबर असतात, पण हेडचे बोल्ट कुठल्या क्रमाने आणि किती हाताने आवळायचे ते त्यांच्या मनगटात आहे. त्यांच्या पोरांनी हे काम घेतलेलं नाही. विचार, लिही, परवानगी घेऊन व्हिडिओ कर.

५२. 'हे काढून टाकू, मारुतीचं बसवू' असं कुणी म्हणालं तर आधी विचार, परत मूळचं बसवता येईल का – अल्टरनेटर बसव, हॅलोजन बसव, पण कापू नकोस, वेल्डिंग करू नकोस. काढलेला डायनॅमो तेल लावून फळीवर, पहिल्या नंबरात सांगितल्याप्रमाणे.

५३. तुझ्यासारखी गाडी असलेला धारवाड-बेळगावकडे कुणी भेटला तर त्याला तुझ्याकडचं जादा सामान दाखव, लपवू नकोस – दोघांकडे मिळून एक पूर्ण गाडी असते. दिलेला पार्ट फिरून येतो, दडवलेला गंजून जातो.

५४. इग्निशनची चावी आता एकच उरली आहे, ती जुन्या मापाची. हुबळीच्या दुर्गदबैलात चावीवाला गाठ आणि मूळ चावीवरून दोन करून घे, नकलेवरून नक्कल नको – प्रत्येक नकलेत दाता थोडा झिजतो. एक माझ्याकडे आणून दे, आणि डिकीची वेगळी आहे, ती विसरशील, म्हणून आत्ताच लिहून ठेव.